डिझेलचा कर, इथेनॉलचा दर आणि आपलं उसाचं बिल



नोव्हेंबरपासून धुराडी पेटली आहेत. शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या आणि चहाच्या टपरीवर नेहमीचा वादही सुरू झाला. एक म्हणतो, या सरकारनं डिझेल नव्वदला नेऊन ठेवलं. दुसरा म्हणतो, इथेनॉल नसतं तर तुझा ऊस फडातच वाळला असता. तिसरा मोटारसायकलवाला, तो म्हणतो तुमच्या इथेनॉलनं माझ्या गाडीचं ॲव्हरेज गेलं. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आपापल्या पक्षाचा मेसेज तयार असतो. वाद रंगतो, चहा संपतो, उसाच्या बिलात एक रुपया फरक पडत नाही.

माझं मत आधीच सांगतो, मग हिशेब मांडतो. तेल, इथेनॉल आणि साखर या तिन्हींचे निर्णय सरकारच्या त्या-त्या वेळच्या अडचणीनुसार होतात. लेखी, कायम नियम कुठेच नाही. नियम नसला की ज्याचा आवाज मोठा त्याची सोय होते, अन् आपला आवाज फडात राहतो. त्यामुळं कुठला पक्ष चांगला यापेक्षा नियम कोण लिहून देतो, हे विचारायची वेळ आली आहे.

आधी डिझेल

पेट्रोलचा भाव सरकारी नियंत्रणातून जून २०१० मध्ये मोकळा झाला, तेव्हा काँग्रेस आघाडीचं सरकार होतं. डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये झाला, तेव्हा भाजपचं. दोघांनीही तेच केलं. सांगितलं असं, की आता बाजारात कच्चं तेल चढलं तर भाव चढेल, उतरलं तर उतरेल. जून २०१७ पासून तर रोज सकाळी नवा भाव लागायला लागला.

आता बघा. २०१४ मध्ये डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला ३ रुपये ५६ पैसे होतं. कच्चं तेल पडत गेलं तसं हे शुल्क वाढत गेलं. मे २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये जगात तेलाला गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, ते ३१ रुपये ८३ पैशांवर गेलं. तेल स्वस्त झालं, ती स्वस्ताई तिजोरीत गेली. नंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये १० रुपये आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये कमी केले, हेही खरं. पण एप्रिल २०२५ मध्ये कच्चं तेल परत उतरलं आणि केंद्रानं परत २ रुपये वाढवले. पंपावरचा भाव बदलला नाही म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या वाढीनंतर ते शुल्क १७ रुपये ८० पैसे झालं.

जून २०२२ मध्ये भारत घेतो त्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव पिंपाला ११६ डॉलर होता. त्यानंतर जुलैत पुण्याकडं डिझेल ब्याण्णव-त्र्याण्णवच्या आसपास होतं. २०२५ च्या अखेरीस तेल साठ-पासष्ट डॉलरवर होतं आणि डिझेल नव्वदच्या आसपास. म्हणजे तेल जवळजवळ निम्म्यावर आलं, आपले दोन-तीन रुपये उतरले. तेल कंपन्यांनी २०२२ मध्ये तोटा सोसून भाव थोपवला होता, ते मान्य करायला पाहिजे. पण त्याची भरपाईही झाली. २०२३-२४ या एका वर्षात इंडियन ऑईल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तिघांचा मिळून नफा सुमारे ८१ हजार कोटी होता. तोटा झाला तेव्हा आम्हाला सांगितलं, नफा झाला तेव्हा नाही सांगितलं.

विरोधकांनीही फार शहाणपण शिकवू नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं शुल्क कमी केलं, तेव्हा बऱ्याच राज्यांनी आपला व्हॅट उतरवला. आपल्याकडं महाविकास आघाडीचं सरकार होतं, त्यांनी मे २०२२ पर्यंत थांबून डिझेलला १ रुपया ४४ पैसे कमी केले. सरकार बदललं, जुलैत नव्या सरकारनं ३ रुपये कमी केले. त्यानंतर आपल्याकडं डिझेलवर राज्याचा व्हॅट २१ टक्के आहे. आणि हा व्हॅट केंद्राच्या शुल्कासकट होणाऱ्या किमतीवर लागतो. म्हणजे करावर कर.

साधा हिशेब करू. २०२५ च्या दरानं ९० रुपयांच्या लिटरमध्ये राज्याचे साधारण साडेपंधरा आणि केंद्राचे १७.८०. दोन्ही मिळून ३३ रुपये कर. नांगरट, दोनदा रोटर, सरी, बांधणी असं धरलं तर उसाच्या एकराला तीसेक लिटर डिझेल जातं. म्हणजे एकरी हजार रुपये नुसता कर, ट्रॅक्टर घरचा असो की भाड्याचा. भाड्याचा असला तर तो दरातच बसलेला असतो.

पीएम किसानचे ६ हजार आणि नमो शेतकरीचे ६ हजार, वर्षाला १२ हजार येतात. वर्षभरात ३६० लिटर डिझेल जाळलं की १२ हजार कर भरून झाला. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यानं आपल्या वहीत बघावं, ३६० लिटर कोणत्या महिन्यात संपतं ते.

शेतीच्या नावाचे चार रुपये

हे फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून सविस्तर लिहितो. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर केंद्राचे १७.८० रुपये चार खान्यांत विभागलेले होते. मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ८० पैसे. रस्त्यासाठी उपकर २ रुपये. विशेष जादा शुल्क १० रुपये. आणि ४ रुपये आहेत 'कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर'. हा फेब्रुवारी २०२१ च्या बजेटमध्ये आला. पेट्रोलवर अडीच रुपये, डिझेलवर चार.

म्हणजे शेतीच्या विकासासाठी कर, अन् तो शेतकऱ्याच्या नांगरटीवर. पेट्रोलवर कमी, डिझेलवर जास्त. वरून उपकर आणि विशेष शुल्क यातला वाटा राज्यांना द्यावा लागत नाही. राज्यांना वाटा मिळतो तो फक्त त्या १ रुपया ८० पैशांतून. मग राज्य म्हणतं आमच्याकडं पैसा नाही म्हणून व्हॅट कमी करता येत नाही. केंद्र म्हणतं राज्यानं करावा. हा चेंडू आपण दहा वर्षं बघतोय.

शेतकऱ्याचं डिझेल वेगळं कसं ओळखायचं, असा प्रश्न अधिकारी विचारतात. उत्तर सोपं आहे. विजेचं ओळखलं ना? एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांचं बिल राज्यानं माफ केलं. (ती वीज रात्री येते आणि आपल्याकडं रात्री बिबट्या असतो, त्यावर वेगळं लिहीन.) कोकणातल्या मच्छीमारांना बोटीच्या डिझेलवरचा राज्याचा कर परत मिळण्याची योजना वर्षानुवर्षं आहे. बिहारमध्ये पाऊस ओढ देतो त्या वर्षी पाणी भरायला डिझेल अनुदान थेट खात्यावर देतात, लिटरला ७५ रुपये. आता तर आपला सातबारा, ई-पीक पाहणी आणि फार्मर आयडी सगळं एकाला एक जोडलेलं आहे. कुणाचं किती एकर, त्यात कोणतं पीक, हे सरकारला माहीत आहे. एकरी ठराविक लिटर धरून कर परत करायला पंपावर जायचीही गरज नाही. ओळखता येत नाही असं आता कुणी म्हणू नये. द्यायचं नाही असं सरळ म्हणावं.

डिझेल दुसऱ्यांदा कापलं जातं

उसवाल्याला डिझेलचा मार दोनदा बसतो. एकदा शेतात, दुसऱ्यांदा बिलात. एफआरपी असते कारखान्याच्या गेटवरची. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. टनाला आठशे-नऊशे, कुठं हजार. यात टोळीची मजुरी आहे, मुकादमाचं कमिशन आहे आणि वाहतुकीचं डिझेल आहे. डिझेल वाढलं की वाहतूकदार दर मागतो, त्याचंही बरोबर आहे. पण डिझेल दोन रुपयांनी उतरलं म्हणून टनामागची कपात उतरल्याचं तुम्ही कधी बिलात बघितलंय का?

आपल्या दोन तालुक्यांत हे जास्त टोचतं. न्हावऱ्याचा घोडगंगा सलग हंगाम बंद राहिला. पाटसचा भीमाही आधी बंद पडला, मग भाड्यानं गेला. जवळचा कारखाना बंद म्हणजे ऊस लांब. लांब म्हणजे डिझेल. कारखाना का बंद पडला त्यावर दोन गट भांडतात, पण त्या लांबच्या वाहतुकीचं डिझेल दोन्ही गटांच्या सभासदांच्या बिलातून जातं.

आता इथेनॉल

सरकारचे आकडे आधी देतो. २०१३-१४ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल दीड टक्का होतं. जून २०२२ मध्ये १० टक्के झालं आणि २०२५ मध्ये २० टक्के. केंद्र म्हणतं अकरा वर्षांत १ लाख ४४ हजार कोटींचं परकीय चलन वाचलं आणि २० टक्के मिश्रणामुळं एका वर्षात शेतकऱ्यांना ४० हजार कोटी मिळतील. ही मोठी गोष्ट आहे. मार्च २०१५ मध्ये पंतप्रधान म्हणाले होते की २०२२ पर्यंत तेलाची आयात दहा टक्क्यांनी कमी करू. आयात कमी झाली नाही, उलट देशाच्या गरजेतला तिचा हिस्सा वाढला, कारण बॉम्बे हायसारख्या विहिरी जुन्या झाल्या अन् गाड्या वाढल्या. अशा वेळी आपल्या रानातून काही इंधन जात असेल तर ते चांगलंच आहे. मी इथेनॉलच्या विरोधात नाही.

पण तीन गोष्टी सरळ समजून घ्या.

पहिली. इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं. आपला ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. इथेनॉलनं तुमच्या नांगरटीचा खर्च एक पैसाही कमी होत नाही.

दुसरी. इथेनॉलनं पेट्रोल स्वस्त होईल असं भाषणात ऐकलं असेल, तर ते विसरा. केंद्राच्याच सांगण्यानुसार २०२४-२५ मध्ये इथेनॉल वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी लिटरला ७१ रुपयांच्या वर पडत होतं. त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी. त्यामुळं मोटारसायकलवाल्याची तक्रार अगदीच खोटी नाही, थोडं ॲव्हरेज कमी होतं. त्याचा राग मात्र ऊसवाल्यावर निघतो, ते चुकीचं आहे. दर आपण ठरवत नाही.

तिसरी आणि मोठी. ७ डिसेंबर २०२३ ला, हंगाम ऐन भरात असताना, केंद्रानं उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल करायला बंदी घातली. साखर महाग होईल अशी भीती होती आणि लोकसभेची निवडणूक पुढं होती. आठवड्यानं, १५ डिसेंबरला, १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा घालून थोडी परवानगी दिली. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी बंधन काढलं. २०१८ पासून ज्या कारखान्यांनी सरकारच्याच व्याज सवलतीवर कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या, त्यांच्या टाक्या त्या हंगामात रिकाम्या राहिल्या. कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही. तो हप्ता शेवटी कुणाच्या बिलातून जातो ते सांगायला नको.

दराचं बघा. रसाच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ पासून ६५ रुपये ६१ पैशांवर थांबलेला आहे. त्याच काळात एफआरपी टनाला ३,०५० वरून ३,५५० झाली. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये झाला, तेव्हा एफआरपी २,७५० होती. हा हंगाम सुरू झाला तरी ३१ च. सव्वादहा उतारा धरला तर एका टनातून १०२.५ किलो साखर, ३१ नं ३,१७७ रुपये. एफआरपी ३,५५०. बाजारात साखर ३१ पेक्षा बरीच वर विकते म्हणून गाडा चालतो, पण एफआरपी दरवर्षी वाढवून टाळ्या घ्यायच्या आणि ती ज्यातून द्यायची ते दर तसेच ठेवायचे, याला धोरण म्हणत नाहीत. मग कारखाना रडतो, एफआरपी थकते, तुकडे पडतात. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये तर तुकडे कायदेशीर केले होते. राजू शेट्टी कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला.

कारखान्यांचं सगळं खरं धरा असंही मी म्हणत नाही. एक टन उसाच्या थेट रसापासून साधारण ७० लिटर इथेनॉल होतं. ६५.६१ नं ते ४,५९० रुपये होतात. त्यातून कारखान्याचा खर्च वजा होतो हे बरोबर, पण बगॅस आणि प्रेसमड वेगळं राहतं. रंगराजन समितीनं २०१२ मध्ये सांगितलं की साखर आणि उपपदार्थ मिळून येणाऱ्या रकमेचे ७० टक्के उसाला द्या, नुसती साखर धरली तर ७५ टक्के. आपल्या राज्यात २०१३ चा कायदाही आहे. पण त्यात उपपदार्थ म्हणजे बगॅस, मळी आणि प्रेसमड. मळीचा भाव धरतात, मळीपासून पुढं झालेल्या इथेनॉलचा नाही. दूध आपलं, दही त्यांचं, अन् हिशेब दुधापर्यंतच.

शेजारी काय झालं तेही आठवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यात शेतकरी रस्त्यावर बसले. कर्नाटकच्या काँग्रेस सरकारनं ३,३०० चा तोडगा काढला आणि दिल्लीला पत्र लिहिलं, की साखरेचा दर गोठलेला आहे आणि आमच्या कारखान्यांना इथेनॉलचा कोटा कमी दिला. केंद्रानं ते खोडून काढलं. तिकडं विरोधी पक्षाचं सरकार म्हणून पत्र जोरात. आपल्याकडं दोन्हीकडं एकच सरकार, म्हणून पत्र हळू. दुखणं एकच.

मका लावा म्हणणाऱ्यांसाठी

कृषी अधिकारी मित्र म्हणतात, ऊस पाणी खातो, इथेनॉलसाठी मका लावा. पाण्याचं खरं आहे. नीती आयोगाच्या अहवालातच आहे, उसाच्या एक लिटर इथेनॉलमागं २,८६० लिटर पाणी लागतं. दौंडला खडकवासल्याचा कालवा आहे म्हणून ऊस दिसतो. तिकडं पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईकडं प्यायच्या पाण्याची मारामार. त्यांच्यासाठी मका हे उत्तर असू शकतं.

पण मक्याचं २०२५ मध्ये काय झालं? मक्याच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे, म्हणजे उसाच्या रसापेक्षा जास्त. २०२५-२६ च्या इथेनॉल वाटपात धान्याचा हिस्सा ७२ टक्क्यांच्या आसपास, साखरेचा २८. मागणी आहे म्हणून लोकांनी मका लावला. हमीभाव २,४०० आणि दिवाळीच्या सुमारास बऱ्याच बाजारांत तो दोन हजाराच्या आत विकला. वर मक्याचं इथेनॉल झाल्यावर जी पेंड राहते ती पशुखाद्यात स्वस्त पडते, म्हणून सोयाबीन पेंडेचा उठाव कमी झाला आणि सोयाबीनवाला मेला. म्हणजे पीक बदललं तरी रोग तोच. डिस्टिलरीला दराची हमी आहे, शेतकऱ्याला नाही.

मग मागायचं काय

येत्या काळात जो कुणी मत मागायला येईल, मग तो कुठल्याही चिन्हाचा असो, त्याला एवढं विचारा.

१. डिझेलवरचा शेतीच्या नावाचा ४ रुपये उपकर शेतकऱ्याला पिकाच्या एकरानुसार खात्यावर परत द्या. राज्यानं आपल्या व्हॅटचाही तसाच विचार करावा. मच्छीमाराला जमतं ते आम्हालाही जमेल.

२. कच्चं तेल अमुक उतरलं तर पंपावर अमुक उतरेल, हा तक्ता छापून जाहीर करा. चढताना बाजार आणि उतरताना तिजोरी, असं नको.

३. ज्या दिवशी एफआरपी वाढेल त्याच दिवशी इथेनॉलचा आणि साखरेचा किमान दर त्याच प्रमाणात वाढावा. हंगाम चालू असताना बंदी नको. बंदी घालायचीच असेल तर लागणीच्या आधी सांगा, म्हणजे आम्ही दुसरं काही लावू.

४. इथेनॉलचं उत्पन्न ७०-३० च्या हिशेबात धरा. किती रस वळवला, किती लिटर झालं, काय दरानं गेलं, हे कारखान्यानं दर महिन्याला फलकावर लावावं. रस वळवला की साखरेचा उतारा कमी दिसतो, ती घट धरून काढलेला उतारा कागदावर सभासदाला दिसला पाहिजे.

५. बिलात तोडणी-वाहतूक एका ओळीत नको. मजुरी, कमिशन, वाहतूक, अंतर, डिझेलचा धरलेला दर, हे वेगवेगळं लिहा.

६. इथेनॉलसाठी मका घेणाऱ्या डिस्टिलरीनं हमीभावाच्या खाली खरेदी केली तर तिला सरकारी दर मिळू नये.

यातली एकही मागणी फुकटाची नाही. कर्जमाफी नाही, अनुदानाची भीकही नाही. ज्याचा जो वाटा तो नियमानं द्या, एवढंच.

टपरीवर भांडायला माझी ना नाही. पण भांडताना हातात मेसेजऐवजी उसाचं बिल घ्या. दोन विरोधी पक्षांचे शेजारी आपापली बिलं शेजारी-शेजारी ठेवून बघतील तर कपातीचे आकडे सारखेच निघतील, बांधाच्या अलीकडं काय अन् पलीकडं काय.

या हंगामाचं पहिलं बिल ज्यांना आलं असेल त्यांनी खाली लिहा. कारखान्याचं नाव नको, आपलंही नको. फक्त गाव ते कारखाना अंतर, आणि टनामागं तोडणी-वाहतूक किती कापली. शंभर आकडे जमले की तक्ता करून इथंच टाकतो. पुढं जो साहेब किंवा पुढारी गावात येईल त्याच्या हातात तोच देऊ.